भेग मिटायची वाट

चिंच समजून महेंद्रने पुडी सोडली आणि आतून काँक्रीटचा तुकडा निघाला. तळहाताएवढा. एका बाजूला फिकट पिवळा रंग, त्या रंगाखाली पुट्टीवर पुट्टी; दुसऱ्या बाजूला सळईची पन्हळ जशीच्या तशी उमटलेली आणि त्या पन्हळीत तांबडा, ओलसर गंज. भारती खाली फरशीवर बसून पिशवीतले सुके बोंबील वर्तमानपत्रावर पसरत होती. ती खाडीकाठच्या गावातून माहेरी आली की घराला दोन दिवस मासळीचा वास लागायचा आणि महेंद्रची बायको वृषाली बँकेतून आल्या आल्या काही न बोलता खिडक्या उघडायची. त्या न बोलण्यात बरंच काही असायचं. आज भारती निघायची होती. चारला नगरच्या माळीवाड्याच्या स्टँडवरून तिची गाडी होती आणि जायच्या घाईत ती आणलेल्या वस्तू एकेक करून काढून ठेवत होती. "हे काय आणलंस?" महेंद्रने विचारलं. "ते व्हय? आमच्या पार्किंगमधल्या खांबाचं हाय. गळून पडलं हुतं, मी गुपचूप उचललं. ह्यांना म्हाईत न्हाई हां दादा, बोलू नको." ती पुन्हा बोंबलांकडे वळली. महेंद्रने तुकडा नाकाशी नेला, मग काहीही विचार न करता त्याला जीभ लावली. त्यांच्या गावी, घोडेगावात, नव्या बोअरला पाणी लागलं की सगळेच आधी जिभेवर धरून बघायचे, गोडं की मचूळ. ती सवय इंजिनियर होऊनही गेली नव्हती. तुकडा खारट लागला. बोंबलांच्या पिशवीत होता म्हणून खारट असेल, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि ते स्वतःलाच पटलं नाही.

"भेग कशी आहे खांबाला?" त्याने विचारलं. आडवी असावी, तिरकी असावी, कशीही असावी, पण उभी नसावी, असं त्याला मनातून वाटत होतं. "सरळ उभी," भारती म्हणाली, "ओळंबा लावल्यासारखी. खालपासून वरपर्यंत. तीन-चार खांबांना हाय, पर खाडीकडच्या कोपऱ्यातल्या खांबाला लई. दरसाली हे जानेवारीत भरून घेत्यात, रंग देत्यात, की पुन्हा फाकती. आई म्हनली, अगं, आपल्याकडं न्हाई का, उन्हाळ्यात फाकतंय, पावसात मिटतंय. हे बी तेच म्हनत्यात. पर औंदा पाऊस झाला, थंडी झाली, उन्हाळा आला, मिटली न्हाई दादा." हे शेवटचं वाक्य ती जरा हळू बोलली. आई म्हणजे विमलबाई. गेली दोन वर्षं ती मुलाकडे नाही, मुलीकडे राहत होती, चौदा मजली सागर-वैभवच्या अकराव्या मजल्यावर. का, हे भाऊ-बहीण एकमेकांत कधी बोलले नव्हते. वृषालीचं आणि तिचं पटत नव्हतं हे खरं. पण पटवून घ्यायला महेंद्रने कधी तोंड उघडलं नव्हतं हेही खरं. आई गेली त्या दिवशी त्याने तिची पत्र्याची पेटी गाडीत ठेवली होती आणि म्हणाला होता, समुद्राची हवा चांगली असते.

काळ्या रानातल्या माणसाला भेगेची भीती वाटत नाही, उलट भेग दिसली नाही तर चुकल्यासारखं वाटतं. एप्रिल आला की घोडेगावचं शिवार फाटायचं. लहानपणी तो आणि भारती रानातल्या भेगांत खडे टाकून कान लावायचे, खडा कुठवर गेला ते ऐकायला, आणि एकदा भारतीची नवी कोरी पाटीवरची पेन्सिल आत गेली तेव्हा ती दिवसभर त्या भेगेशी बसून रडली होती. घराचंही तसंच. जमीन आक्रसली की भिंती फाकायच्या, दाराच्या चौकटी तिरक्या व्हायच्या, कडी लागायची नाही. मग चौदा एप्रिलच्या आत बाप, बन्सी, सिमेंटची घमेली कालवून सगळ्या भेगा लिंपून टाकायचा, वर चुना मारायचा, आणि जयंतीला घर असं दिसायचं की जणू ते कधी फाटलंच नव्हतं. पावसाळ्यात जमीन फुगली की भिंत पुन्हा जागेवर यायची. पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच. घर पडलं नाही. बाप गेला, घर अजून आहे. भारतीच्या नवऱ्याचं, मिरजगावच्या संदीपचंही असंच घर होतं, तोही असाच लिंपत लिंपत मोठा झाला होता, आणि समुद्राकाठी चौदा मजल्यांच्या खांबाला भेग दिसली तेव्हा त्याने जे आयुष्यभर केलं तेच केलं: भरली, रंगवली, आणि मिटायची वाट बघितली. यात मूर्खपणा नव्हता. इथली समजूत बरोबर घेऊन तो तिकडे गेला होता, एवढंच. पण ही भेग जमिनीने पाडलेली नव्हती. ही आतून येत होती.

महेंद्र तुकडा घेऊन खालच्या मजल्यावर गेला. तळमजल्यावर त्याची मटेरियल टेस्टिंगची छोटीशी लॅब होती. साखर कारखान्यांचे, कॅनॉलचे, शाळांच्या खोल्यांचे सिमेंटचे ठोकळे तिथे यायचे आणि यंत्रात दबून फुटायचे. खाडीकाठचं काही इथे आजवर आलं नव्हतं, यायचं कारणही नव्हतं. समुद्र इथून कुठे! बाहेर मे महिन्याचं कोरडं, करपवणारं ऊन होतं, अशा हवेत उघडी सळई वर्षभर पडून राहिली तरी नुसती तांबूस होते. त्याने तुकड्याचा बाहेरचा भाग सोडला आणि पन्हळीच्या पलीकडचा, खोलवरचा जरासा भाग खलबत्त्यात कुटला. तिथपर्यंत बोंबलांचं मीठ पोचलेलं असणं शक्य नव्हतं. भुकटी पाण्यात ढवळून काचेच्या नळीत गाळली, आम्ल घातलं, आणि काळ्या बाटलीतून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. बोअरचं पाणी बांधकामाला चालेल की नाही हे बघायला ही बाटली असायची. मचूळ पाण्यात जरासा धुरकटपणा यायचा, तो बघून महेंद्र म्हणायचा, चालेल, किंवा म्हणायचा, टँकर मागवा. आता थेंब पडला आणि नळीतलं पाणी दह्यासारखं फाटलं. पांढरं, दाट. तो नळी हातात धरून उभा राहिला. मीठ पार आतपर्यंत होतं.

हे त्याने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. काँक्रीटच्या पोटात सळई असते तोवर ती जपलेली असते. सिमेंटच तिला गंजू देत नाही. समुद्राची हवा मीठ घेऊन येते, ते मीठ रोज थोडं थोडं आत शिरतं. दहा-बारा वर्षं बाहेरून काहीही दिसत नाही. इमारत नवीकोरी दिसते, लोक गॅलरीत उभे राहून सूर्यास्ताचे फोटो काढतात. मग एक दिवस मीठ सळईपाशी पोचतं. लोखंड गंजतं, आणि गंजलं की फुगतं, कितीतरी पट, आणि वरचं काँक्रीट आतून ढकलून फोडतं, नेमकं सळईच्या रेषेत, उभं. त्यात भरतीचं पाणी येऊन टेकणारं आणि ओहोटीला वाळणारं पार्किंग असेल तर पाहायलाच नको, ओलं-कोरडं, ओलं-कोरडं, दिवसातून दोनदा. भारतीच्या गृहप्रवेशाला तो गेला होता. बुद्धवंदना झाल्यावर भारतीने त्याला हाताला धरून गॅलरीत नेलं होतं आणि खाडीकडे बोट करून म्हणाली होती, "बघ दादा, पानीच पानी. आपल्याला टँकरमागं पळायला लागायचं, आठवतंय?" त्याला तेव्हा भरून आलं होतं. वाऱ्याने तिच्या पदराचा आवाज होत होता आणि ओठांवर काहीतरी खारट बसत होतं, आणि त्याला वाटलं होतं, डोळ्यांतलं असेल.

"दादा, चहा टाकलाय," जिन्यावरून भारती म्हणाली आणि खाली आली. तिने नळीकडे पाहिलं. "वाईट हाय का?" "आहे जरा," तो म्हणाला. डॉक्टर लोक असंच बोलतात, हे त्याच्या लक्षात आलं. "मग काही काळजी न्हाई," भारती हलकी होऊन म्हणाली, "आज कामच काढलंय ह्यांनी. हे सेक्रेटरी हायत ना. म्हनले, दरसाली वरवर भरतोय म्हनून टिकत न्हाई. औंदा कोपऱ्यातला खांब चारी बाजूंनी पार सळईपर्यंत खरवडायचा आणि मग एकदाच जाड गिलावा द्यायचा. सकाळपासून माणसं लावल्यात." महेंद्रने नळी स्टँडमध्ये ठेवली. नीट, दोन्ही हातांनी ठेवली. "चारी बाजूंनी?" त्याने विचारलं. "व्हय. एकदाच चांगलं." "ठेपे दिलेत का आधी? लोखंडी प्रॉप, जॅक, काही? वरचा भार कशावर घेतलाय?" भारतीला प्रश्न कळला नाही. तिच्या चेहऱ्यावर तो न कळलेला प्रश्न स्वच्छ दिसला. "भार कशाला घ्यायचा? खांब काढत न्हाईत दादा, नुसतं खरवडत्यात."

चौदा मजले. टाक्या, माणसं, कपाटं, फ्रीज, अकराव्या मजल्यावर पलंगावर बसून गुडघ्यांना तेल लावणारी आई. ते सगळं वजन खाली येतं आणि खाडीकडच्या त्या कोपऱ्यात एका खांबावर उतरतं. आणि त्या खांबाच्या सळया आधीच खाऊन बारीक झालेल्या आहेत, म्हणजे भार जो काही पेलला जातोय तो काँक्रीटवर पेलला जातोय. आणि ते काँक्रीट सकाळपासून छिन्नीने उतरवलं जातंय, चांगल्या भावनेने, नीट, चारी बाजूंनी. भिंतीचा जुना गिलावा असाच काढतात. घोडेगावात, मिरजगावात, सगळीकडे असाच काढतात. महेंद्रने मोबाईल काढला आणि दाजींचं नाव शोधलं, आणि बोट तिथेच थांबलं. याचा त्याला नंतर फार राग आला, पण ते थांबलं. दाजीला सांगायचं नसतं. दाजी आला की आधी पाणी, मग चहा, ताटात पहिली भाकरी त्याची. दाजी चुकला तर आपण खाली बघायचं. आणि महेंद्रने ते एकदा मोडलं होतं. गावातल्या विहाराचा स्लॅब दाजींनी स्वतः उभं राहून घालून घेतला होता, आणि महेंद्र चार लोकांत म्हणून गेला की सळई फारच खाली बसलीय, उघडी पडेल. बोलला ते खरं होतं. दाजी त्या दिवशी न जेवता मिरजगावला गेले, आणि त्यानंतर कित्येक महिने भारतीचे फोन फक्त दुपारी, नवरा कामावर असताना येत. तेव्हापासून महेंद्र दाजींशी पावसापाण्याचं बोलायचा. पण आता पावसापाण्याचं बोलून भागणार नव्हतं. त्याने फोन लावला. वाजत राहिला आणि बंद झाला. पुन्हा लावला. भारती समोर उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, आणि तिला आता थोडंथोडं कळायला लागलं होतं.

"बोला पाव्हणं!" संदीपचा आवाज आला, आणि त्या आवाजामागे टक्, टक्, टक्, छिन्नीवर हातोडा. महेंद्रच्या तोंडून शब्द निघाले ते असे: "दाजी, जेवण झालं का?" सवय माणसाला कुठे गाठेल याचा नेम नाही. "कसलं जेवन, कामावर उभा हाय. भारती निघाली का?" टक्, टक्. "दाजी, ते काम जरा थांबवता का?" "कुठलं काम?" "खांबाचं. हातोडा थांबवा आधी. मग बोलू." हातोडा चालूच होता. "तुमाला कुनी सांगितलं? तिनं व्हय?" "दाजी, थांबवा." हे तो ओरडला नव्हता, पण भारती दचकून मागे सरली, म्हणजे आवाज चढला असणार. संदीपने कुणाला तरी हाक मारली. टकटक थांबली. त्या शांततेत महेंद्रला खाडीचा वारा ऐकू आला, फोनमध्ये भुरभुरणारा, आणि कुठेतरी लहान पोरं खेळत असल्याचा आवाज. पार्किंगमध्ये खेळत होती.

"किती खरवडलाय?" "गुडघ्यापासून पार डोक्याच्या वर. सळया मोकळ्या केल्यात. सळई कसली, पापुद्रे सुटत्यात नुसते, हातात चुरा येतोय. म्हनून तर म्हनलं, एकदाच सोक्षमोक्ष." "आणि रिंगा? सळयांना आडव्या बांधलेल्या असतात त्या?" "त्या गेल्यात. दोन-चार हायत, बाकी गेल्या." महेंद्रने डोळे मिटले. रिंगा गेल्या म्हणजे सळयांना आवळून धरणारं काही उरलं नाही; भार आला की त्या बाहेरच्या बाजूला वाकणार. त्याने शक्य तितकं सावकाश सांगितलं. वर चौदा मजल्यांचं वजन आहे, आतलं काँक्रीटच ते धरून आहे, आता एक ढपलीसुद्धा काढू नका, त्या कोपऱ्यातल्या तुळयांखाली लोखंडी ठेपे लागतील, आणि ते लागेपर्यंत बिल्डिंगमध्ये कुणी नको. आईलाही खाली घ्या. सगळ्यांना घ्या. बोलताना त्याला स्वतःचा आवाज लॅबमध्ये घुमताना ऐकू येत होता, अहवाल वाचल्यासारखा. "सगळ्यांना?" संदीप म्हणाला. "पन्नासेक बिऱ्हाडं हायत, पाव्हणं. आजारी मानसं हायत. बाळंतीन हाय एक आठव्यावर. कुठं नेऊ?" "कुठेही. मैदानात, शाळेत. पोलिसांना, अग्निशमनवाल्यांना फोन करा, ते मदत करतील." "बिल्डिंग पडनार हाय का? सरळ सांगा." महेंद्रला सरळ सांगता येत नव्हतं. हीच तर अडचण होती. त्याने तो खांब पाहिला नव्हता, नकाशा पाहिला नव्हता, त्याच्या हातात एक तुकडा आणि एक पांढरी नळी होती, दोनशे-अडीचशे किलोमीटरवरून. अशा इमारती पाच वर्षं उभ्या राहिलेल्या आहेत. अशा इमारती चहा निवायच्या आत बसलेल्याही आहेत. उद्या काहीच झालं नाही तर पन्नास बिऱ्हाडं म्हणतील, सेक्रेटरीच्या मेव्हण्याने नगरला बसून आम्हाला रस्त्यावर आणलं, आणि दाजींना तिथे तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि भारतीचे फोन पुन्हा दुपारी येतील, किंवा येणारच नाहीत. "सांगता येत नाही, दाजी," तो म्हणाला. "धोका आहे."

"धोका आहे," संदीपने तसंच म्हटलं. त्यात टिंगल नव्हती, किंवा असली तर थकलेली होती. "पाव्हणं, धोका तर रस्ता ओलांडताना बी हाय. सांगता येत न्हाई, ह्याच्यावर मी लोकांना काय म्हनू? घर सोडा, का, तर सांगता येत न्हाई?" वारा भुरभुरत राहिला. "त्या स्लॅबचं तुमी बरुबर बोलला हुता," तो एकाएकी म्हणाला. "सळई उघडी पडली. मी गेल्तो बघायला, एकटाच. तुमाला सांगितलं न्हाई." महेंद्रला फार लाज वाटली, दाजींची नाही, स्वतःची. इतके दिवस हा माणूस आपल्यावर रागावला आहे असं धरून तो सुखाने गप्प बसला होता. "आता तुमी मला इंजिनियरचं सांगू नका," संदीप म्हणाला. "मला त्यातलं कळत न्हाई, आणि इथं कुनालाच कळनार न्हाई. एकच सांगा. भारतीची चारची गाडी हाय. तुमी तिला आज ह्या घरात झोपायला पाठवताय का? पाठवत असला तर आमी बी राहतो, ठेपे लावतो, बघतो उद्या. पाठवत नसला तर मी आत्ता आगीची घंटा मारतो. बोला."

भारतीला सगळं ऐकू येत होतं. संदीप नेहमीच मोठ्याने बोलायचा. तिने प्रवासाची साडी नेसलेली होती, केस विंचरलेले होते. त्या अकराव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांसाठी ती बारा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे डबे करत होती, त्या घरात तिचं स्वयंपाकघर होतं, पाणीच पाणी असलेली गॅलरी होती, आणि ती भावाकडे असं बघत होती की त्याने हो म्हणावं. हो म्हण, जाऊ दे मला, असं तिचा चेहरा म्हणत होता. आयुष्यात तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, आईलासुद्धा तिनेच नेलं होतं. महेंद्रने तिला डोळ्यासमोर गाडीत बसवून पाहिलं. गाडी सुटली, तिने खिडकीतून हात हलवला. रात्री ती घरी पोचली, लिफ्टने वर गेली, आईशेजारी अंथरूण टाकलं. तिथून पुढे त्याला बघवेना. इतका वेळ जे आकड्यात बसत नव्हतं ते आता अगदी सोपं झालं होतं, आणि त्याची त्याला धास्ती वाटली.

"नाही पाठवत," तो म्हणाला.

संदीप पळत असल्याचा आवाज आला, चपला फटफट वाजत होत्या, आणि त्याचा मोठा आवाज पार्किंगच्या छताला आपटून आला: "ए पोरांनो, बाहेर! सगळी बाहेर! घंटा मार रे ती, मार!" फोन चालूच होता. भारती पायरीवर बसली. तिने तोंडावर पदर घेतला आणि हमसून हमसून रडली, लहानपणी रडायची तशीच, आवाज न दाबता. महेंद्र तिच्याजवळ जाऊन खाली बसला. "आईला वरून कोण आनंल?" ती पदरातूनच म्हणाली. "तिचं गुडघं... लिफ्टमध्ये ती एकटी बसत न्हाई." महेंद्रने फोन कानाला घट्ट धरला. घंटेचा आवाज येत होता, दारं वाजत होती, बायका एकमेकींना विचारत होत्या काय झालं, काय झालं. कितीतरी वेळाने, धापा टाकत, संदीप पुन्हा फोनवर आला. "आईंना पाठीवर घेतलंय," तो म्हणाला. "सातव्यावर आलोय. बोलायचंय त्यांना." आणि मग विमलबाईंचा आवाज, घाबरलेला, जरा चिडलेला: "महेंद्रा, आता मी कुनाकडं राहायचं रे?"

"माझ्याकडं, आई," तो म्हणाला. "आधी खाली ये."